काशीवास : परवाना, निश्चय आणि दांपत्य

मराठी कागदपत्रांत 'काशीस गेले' हा उल्लेख वारंवार येतो आणि अभ्यासक बहुधा तो तीर्थयात्रेच्या सदरात टाकून पुढे जातात. त्यामुळे एक मूलभूत भेद नजरेआड होतो. गंगेची कावड घेऊन परतणारा, काही वर्षे राहावयास जाणारा आणि क्षेत्र पुन्हा न सोडण्याच्या निश्चयाने निघालेला, असे तीन प्रकारचे प्रवासी एकाच वाटेने जात असत. पहिल्याची ती यात्रा, दुसऱ्याचा काशीवास, तिसऱ्याचा क्षेत्रसंन्यास. आज परदेशी दीर्घकाळ राहू पाहणाऱ्या दांपत्याला व्हिसाचा प्रकार निवडताना जे ठरवावे लागते, तेच येथेही ठरवावे लागे : मुक्काम किती काळाचा, परतीची वाट मोकळी ठेवायची की नाही आणि पत्नीचा राहण्याचा हक्क तिचा स्वतःचा की पतीकडून आलेला.

दूधविनायक, ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरातील मराठी वस्ती ही मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या माणसांची. तिची परंपरा पेशवाईहून जुनी आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' रचला. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्याचे. पुढे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीत स्थिरावले आणि १७४० च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने घाट बांधले गेले.

तरीही काशी हा मराठ्यांच्या दृष्टीने परमुलूखच राहिला. मोगल, अवध आणि १७७५ पासून ईस्ट इंडिया कंपनी असे तेथील धनी बदलले. पेशव्यांची सत्ता तेथे कधी बसली नाही. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेवरील सत्ताधीशांकडून सुरक्षित मार्ग व संरक्षक पथके यांची तजवीज झाली. ज्यांच्याशी मुलाचे लढाईचे संबंध, त्यांनीच आईला वाट द्यावी, हा त्या काळाच्या राजनीतीचा एक हृद्य विशेष होय. सामान्य कुटुंबाला असा मान कोठून मिळणार? ते मोठ्या लव्याजम्याच्या किंवा फौजेच्या आश्रयाने निघे. तरुण नाना फडणवीसही तीर्थदर्शनाच्या ओढीने आई व पत्नीसह सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले होते. १७६१ च्या पानिपतात आई कायमची अंतरली.

पत्नीला बरोबर न्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर परंपरेने एका कथेतून दिले आहे. पद्मपुराणातील कृकल वैश्य पतिव्रता सुकलेला घरी ठेवून यात्रेस जातो आणि पत्नीवाचून केलेले त्याचे तीर्थकर्म निष्फळ ठरते. हा कृकल वाराणसीचाच रहिवासी, हे मोठे मार्मिक आहे. मात्र कथेचा हिशोब पतीच्या पुण्याचा आहे. पत्नी त्यात आवश्यक खरी, पण सहभागी म्हणून. काशीतील मरणाचा हिशोब निराळा. तेथे देह ठेवणाऱ्या कोणाही जिवाला मुक्ती मिळते, या काशीखंडातील श्रद्धेत जात, लिंग वा वैवाहिक स्थिती यांची अट नाही. पती निवर्तल्यावरही पत्नीने तेथेच राहण्याचा आधार या श्रद्धेत होता. वैधव्यातील तिची दैन्यावस्था यामुळे लोपत नाही, हेही तितकेच खरे. हक्क होता, उपजीविका असेलच असे नव्हते.

राजकीय परवानगीने मिळालेला मुक्काम याच्या अगदी उलट. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हाच्या अटींत काशी अथवा गव्हर्नर जनरल ठरवील असे हिंदुस्थानातील दुसरे पवित्र स्थान आणि सालीना किमान आठ लाख रुपये, अशी तरतूद होती. प्रत्यक्षात वाट्याला आले कानपूरजवळचे बिठूर. त्यांचे बंधू चिमाजी आप्पा मात्र काशीत राहिले, आणि त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे व भागीरथीबाई हे दांपत्य. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा जन्म काशीतला तो यामुळे. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर मोरोपंतांनी बिठूर गाठले. क्षेत्राने त्यांना घालवले नव्हते. ज्या चाकरीवर मुक्काम टिकून होता, ती उरली नव्हती. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि डलहौसीच्या सरकारने दत्तकपुत्र नानासाहेबांना तनखा नाकारला. एका नावावर दिलेली सवलत त्या नावाबरोबर संपली. अमेरिकेतील नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा एच-४ व्हिसा मूळ व्हिसाधारकाच्या दर्जावर अवलंबून असतो, तो याच जातीचा.

या भेदाचा ठसा वाङ्मयप्रकारांवरही उमटला आहे. १८५७ मध्ये वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे परत आले, म्हणून 'माझा प्रवास' लिहिला गेला आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. प्रवासवर्णनाला परतीची गरज असते. दूधविनायकाच्या गल्लीत राहून गेलेल्या दांपत्यांना ती नव्हती. त्यांचा शोध घ्यावयाचा तर प्रवासवर्णने बाजूला ठेवून पत्रे, दानपत्रे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडाव्या लागतात, आणि पतीच्या नावाशेजारी पत्नीचे नाव कोठे येते, कोठे येत नाही, हे पानोपानी पाहावे लागते.