नैसर्गिक वायूतील नायट्रोजनचे निष्कासन

खनिज तेलाचा उपसा सुरू झाला की भूगर्भातील दाब हळूहळू कमी होतो आणि विहिरींचे उत्पादन घटू लागते. हा दाब टिकवून उरलेले तेल वर आणण्यासाठी पाणी, कार्बन डायऑक्साइड, नैसर्गिक वायू किंवा नायट्रोजन तेलधारक खडकात सोडला जातो. नायट्रोजन हवेतून हवा तेवढा मिळवता येतो, शिवाय ओलसर कार्बन डायऑक्साइडप्रमाणे तो पोलादी नळ्या गंजवत नाही. मात्र खाली सोडलेला हा वायू कायमचा खालीच राहतो असे नाही. कालांतराने तो तेलाबरोबर निघणाऱ्या नैसर्गिक वायूत मिसळून वर येतो.

मेक्सिकोतील कांतारेल हे याचे ठळक उदाहरण होय. कांपेचेच्या उपसागरातील हे तेलक्षेत्र १९७६ मध्ये सापडले. समुद्राच्या पाण्यावर तेलाचे तवंग पाहणाऱ्या रुदेसिंदो कांतारेल या मच्छिमाराचे नाव त्याला देण्यात आले. दाब घटू लागल्यावर पेमेक्स या सरकारी कंपनीने २००० साली तेथे नायट्रोजन सोडण्यास प्रारंभ केला. किनाऱ्यावरील आतास्ता येथे हवेपासून नायट्रोजन वेगळा करणारा, दररोज सुमारे १२० कोटी घनफूट क्षमतेचा प्रचंड प्रकल्प त्यासाठी उभारण्यात आला. २००४ मध्ये कांतारेलचे उत्पादन दररोज २१ लाख पिंपांपर्यंत पोहोचले. त्यानंतर मात्र ते झपाट्याने कोसळले आणि २००९ मध्ये सुमारे ७ लाख पिंपांवर आले. तेलाचा थर पातळ होत गेला, तसा त्याच्यावरील नायट्रोजनयुक्त वायू विहिरींत शिरू लागला. हाताळणीची पुरेशी सोय नसल्याने त्या काळात बराच वायू समुद्रातच जाळून टाकावा लागला.

नायट्रोजन विषारी नाही, पण तो जळतही नाही. वायूत त्याचे प्रमाण १० टक्के असेल, तर तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध वायूपेक्षा सुमारे १० टक्के कमी उष्णता मिळते, आणि नळवाहिनीची तितकी क्षमता निरुपयोगी ओझे वाहण्यात खर्ची पडते. म्हणून बहुतेक नळवाहिन्यांत नायट्रोजनसारख्या न जळणाऱ्या वायूंवर काही टक्क्यांची मर्यादा असते.

मिथेन व नायट्रोजन वेगळे करणे सोपे नाही. दोन्ही वायू रासायनिकदृष्ट्या मंद आहेत आणि त्यांच्या रेणूंच्या आकारात फारच थोडा फरक आहे. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पद्धत म्हणजे अतिशीत ऊर्ध्वपातन. सामान्य दाबाखाली मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला, तर नायट्रोजन उणे १९६ अंशांना द्रवरूप होतो. वायू थंड करून उंच स्तंभात सोडला की मिथेन द्रवरूपाने तळाशी जमतो व नायट्रोजन वरून निघून जातो. तत्पूर्वी पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड काढून टाकणे अनिवार्य असते, अन्यथा ते गोठून यंत्रणा तुंबते. तबास्को राज्यातील सिउदाद पेमेक्स येथील वायू प्रक्रिया केंद्रात कांपेचेच्या नायट्रोजनमिश्रित वायूसाठी असे संयंत्र बसविण्यात आले. लहान प्रवाहांसाठी सूक्ष्म छिद्रांचे शोषक पदार्थ, पातळ पटल किंवा मिथेन शोषून घेणारे द्रावक वापरतात.

खरी अडचण वेगळीच असते. वायूतील नायट्रोजनचे प्रमाण स्थिर राहत नाही. आरंभी नगण्य असणारे हे प्रमाण काही वर्षांत कित्येक पटींनी वाढते. आज पुरेसे वाटणारे संयंत्र उद्या अपुरे पडते, आणि उद्यासाठी उभारलेले आज अर्धे रिकामे चालते. शिवाय वेगळा केलेला नायट्रोजन हवेत सोडताना त्याबरोबर थोडा मिथेनही निसटतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक मानला जातो, त्यामुळे ही गळती क्षुल्लक नव्हे.

म्हणूनच खडकात नायट्रोजन सोडण्याचा निर्णय घेतानाच तो परत येईल हे गृहीत धरून शुद्धीकरणाचा खर्च हिशेबात धरावा लागतो. तसे झाले नाही, तर तेल हाती लागते, पण त्याबरोबरचा मौल्यवान वायू ज्वाळांत वाया जातो.