शिवणारा तो चांभार

चेक भाषेत चांभाराला ‘श्वेत्स’ म्हणतात. शब्द आला ‘शीत’ या क्रियापदावरून. त्याचा थंडीशी संबंध नाही, अर्थ आहे ‘शिवणे’. संस्कृतातला ‘सिव्’ धातू आणि आपलं ‘शिवणं’ही त्याच कुळातलं, म्हणजे हे लांबचे भाऊबंदच. मग शिंप्याला काय उरलं? तो ‘क्रेयची’, ‘क्रायेत’ म्हणजे कापणे, त्यावरून. टाका चांभाराकडे, कात्री शिंप्याकडे! वाटणी चमत्कारिक वाटते खरी, पण आरीनं भोकं पाडून कातड्याला दोरा घालणं ही शिवणच की. जुन्या रशियनांनी मात्र ‘श्वेत्स’ शिंप्यालाच म्हटलं. युक्रेनचे महाकवी शेवचेंको यांच्या आडनावातही हाच चांभार बसलाय.