हाय सीज फ्लीट

जर्मन साम्राज्याच्या नौदलाचा मुख्य युद्धताफा (१९०७–१९). मूळ जर्मन नाव ‘होखझेफ्लोटे’, म्हणजे खुल्या समुद्रावरचे आरमार. प्रत्यक्षात या ताफ्याचा बहुतेक काळ विल्हेल्म्सहाफेन बंदरात नांगर टाकूनच गेला.

ताफ्याची कल्पना आल्फ्रेड फोन टिर्पिट्‌स या नौदलमंत्र्याची. ब्रिटनला हरवण्याइतके आरमार जर्मनीला परवडणारे नव्हते. मात्र लढाई जिंकूनही ब्रिटिश आरमार इतके खिळखिळे व्हावे, की इतर सत्तांपुढे त्याचा टिकाव लागू नये, एवढी ताकद आपल्याकडे असली तर ब्रिटन वाटेला जाणार नाही, असा त्याचा हिशेब. १८९८ आणि १९०० च्या नौदल कायद्यांनी त्यासाठी पैसा मिळाला. १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका उतरली आणि आधीच्या साऱ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या. जर्मनीनेही तशाच नौका बांधायला घेतल्या. त्या मावेनात म्हणून कील कालवा रुंद करावा लागला. जर्मन बांधणीचा भर मोठ्या तोफांपेक्षा जाड चिलखतावर आणि पाणी अडवणाऱ्या कप्प्यांवर होता.

पहिल्या महायुद्धात हा हिशेब चुकला तो भूगोलात. शत्रू किनाऱ्याजवळ नाकेबंदी करायला येईल, असे जर्मनांनी धरले होते. ब्रिटिशांनी दुरूनच उत्तर समुद्राची दोन्ही तोंडे बंद केली.

मोठी लढाई एकदाच झाली : जटलंड, ३१ मे–१ जून १९१६. ब्रिटिशांकडे १५१ जहाजे, जर्मनांकडे ९९. सेनापती राइनहार्ट शेअर ब्रिटिश रांगेच्या तोफांसमोर सापडला, तेव्हा प्रत्येक जहाजाने जागच्या जागी तोंड फिरवण्याचा अवघड डाव टाकून निसटला. ब्रिटनची १४ जहाजे आणि ६,०९४ माणसे गेली. जर्मनीची ११ आणि २,५५१. आकडे जर्मनांच्या बाजूने, समुद्र मात्र ब्रिटिशांच्याच ताब्यात. पुढे जर्मनीने पाणबुड्यांवर भिस्त ठेवली.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध हरल्यात जमा असताना, अधिकाऱ्यांनी शेवटच्या चढाईचा बेत आखला. खलाशांनी बॉयलरच्या भट्ट्या विझवल्या. बंड कीलला पोचले आणि तिथून देशभर पसरले. ९ नोव्हेंबरला कैसरचे सिंहासन गेले.

शस्त्रसंधीनुसार ७४ जहाजे स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो येथे अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी पहाऱ्यावरची ब्रिटिश जहाजे सरावाला बाहेर गेली असताना अ‍ॅडमिरल लुडविग फोन रॉयटरच्या हुकुमावरून खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या. ५२ जहाजे बुडाली. त्याच वेळी शाळेची मुले सहलीच्या बोटीतून हा ताफा बघायला आली होती. त्या बोटीभोवतीच जहाजे कलंडू लागली.

१९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यापाऱ्याने अनेक जहाजे वर काढली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर मात्र अजून तळाशी आहेत. ‘क्योनिग’, ‘मार्कग्राफ’ आणि ‘क्रोनप्रिंझ विल्हेल्म’ या त्या तिन्ही युद्धनौका जटलंडहून तरंगत परतल्या होत्या.