पद्मतीर्थाचा राजा आणि त्वचेचे दोन रोग

वाशिमचे पद्मतीर्थ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वासुकी राजाला कुष्ठ झाले होते, येथील पाण्यात स्नान करताच ते बरे झाले, आणि मग त्याने हे तळे वाढवले, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचा विद्यार्थी येथे एक साधाच प्रश्न विचारतो : राजाला झाले होते तरी काय?

कारण जुन्या आयुर्वेदात कुष्ठ म्हणजे केवळ महारोग नव्हे. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत. त्यांतल्या एककुष्ठात कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते. आजच्या सोरायसिसशी हे वर्णन बरेच जुळते. कोडाला तर ‘श्वित्र’ असे निराळेच नाव आहे. शास्त्राने असा भेद केला; लोकांनी मात्र सर्वांनाच पंगतीबाहेर बसवले. वास्तविक कोड आणि सोरायसिस स्पर्शाने पसरत नाहीत. शरीराचे रक्षकच घरावर उलटतात, त्याचे हे परिणाम.

हे दोन्ही रोग कधी एकाच माणसाला होतात. गंमत अशी, की दोहोंचा एक उपचार एकाच वाटेने आला. बावची लावून उन्हात बसणे हा कोडावरचा आपला जुना उपाय. बावचीतले गुणकारी द्रव्य म्हणजे सोरॅलेन. त्याच वर्गातले औषध आणि अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर चालते, हे १९७४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आज ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, असे औषध न देताही, दोन्ही रोगांवर वापरतात.

पण थांबा! त्याच माणसाला ल्यूपस असला तर? तो उन्हाने भडकतो. आणि ल्यूपसवर देतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोरायसिस वाढवू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खवले दबतात खरे, पण गोळ्या एकाएकी थांबवल्या की दुप्पट जोराने उसळू शकतात. म्हणजे एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष.

तेव्हा डॉक्टरांपुढे एक डाग दाखवून दुसरा बाहीखाली झाकू नका. ही झाकाझाक आपण शिकलो ती पंगतीच्या भीतीने. कथेतला राजा काही आपले दुखणे लपवून बसला नाही. म्हणून तर त्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली.