इमाम गावोगाव चालला
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी फुफू मार खाऊन माहेरी आली की आमच्या पडवीत जमातीची चार वडीलधारी माणसं बसत. चहा व्हायचा, पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या आणि संध्याकाळी फुफूची परत पाठवणी. ही माणसं वाईट नव्हती. त्यांनी बांधांची भांडणं मिटवली, गरिबांच्या मुलींची लग्नं लावून दिली. पण आतल्या खोलीत बसलेल्या फुफूला ‘तुझं काय म्हणणं आहे’ असं त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशातल्या एका इमामाची हकीकत वाचताना मी अडखळलो.

सेनेगलमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान. तिथल्या बांबारा समाजात मुलींची सुंता करण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सुंता हा शब्द फारच सौम्य झाला. लहान मुलीचं अंग पात्याने कापतात. मग रक्तस्राव, जखम चिघळणं, पुढे बाळंतपणात हाल, कधी मृत्यूसुद्धा. कुराणात याचा उल्लेख नाही. चाल इस्लामच्या आधीची आहे, इजिप्त आणि इथिओपियातल्या ख्रिस्ती घरांतही ती आढळते. तरी आया स्वतःच मुलींना पुढे करत, कारण न कापलेल्या मुलीला नवरा मिळायचा नाही. बांबारा भाषेत अशा मुलीला ‘बिलाकोरो’ म्हणत. ती शिवीच.

मालिकुंडा बांबारा गावातल्या बायका तोस्तान नावाच्या संस्थेच्या वर्गात आपल्या भाषेत आरोग्य आणि हक्क यांविषयी शिकत होत्या. 31 जुलै 1997 रोजी त्यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, आमच्या गावाने ही चाल सोडली. पुढारपण बायकांचं होतं, हे विसरून चालणार नाही. आजूबाजूची गावं मात्र खवळली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून.

जवळच्या केर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनाही हे पटलं नव्हतं. पण ते नुसते रागावून बसले नाहीत. त्यांनी आपल्या नात्यातल्या बायकांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. बायकांनी जे सांगितलं त्याने म्हातारा हादरला. ज्या प्रसंगापाशी मी अडखळलो तो हाच.

मग त्यांनी संस्थेच्या लोकांना एक व्यवहाराची गोष्ट समजावली. आमच्या मुली आसपासच्या गावांत दिल्या जातात, तिथल्या सुना आमच्याकडे येतात. एकट्या गावाने चाल सोडली तर त्या गावच्या मुली घरात बसतील. सोयरिकीतली सगळी गावं एकदम सोडतील, तरच जमेल. एका नातेवाइकाला सोबत घेऊन इमाम चालत निघाले. दहा गावं. फतवा नाही, दमदाटी नाही. कुणाला नावं ठेवायची नाहीत, त्या गोष्टीचं नावही घ्यायचं नाही, नुसतं ‘ती चाल’ म्हणायचं. फेब्रुवारी 1998 मध्ये दियाबुगू गावात 13 गावांच्या प्रतिनिधींनी मिळून चाल सोडल्याचं जाहीर केलं. या गावांची वस्ती सुमारे 8,000.

गंमत अशी, की गेरी मॅकी या अमेरिकन अभ्यासकाने 1996 मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलं होतं. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची प्रथा कशी संपली? मुलीचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सूनही करणार नाही, अशी शपथ घराण्यांनी मिळून घेतली. ग्रंथालयात बसून विद्वानाला जे सापडलं, ते इमामाला सोयरिकीच्या हिशेबातून उमगलं.

जानेवारी 1999 मध्ये सेनेगलने कायदा केला. तरी 2019 च्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या सुमारे 25 टक्के बायका कापलेल्या आढळल्या. आणि सगळे इमाम देंबा नसतात. शेजारच्या गांबियात 2023 मध्ये हे काम करणाऱ्या तीन बायकांना दंड झाला, तेव्हा तो भरायला एक इमामच पुढे आला. मग बंदी उठवण्याचं विधेयक आलं. जुलै 2024 मध्ये तिथल्या संसदेने ते फेटाळलं. आपणही दूर नाही. बोहरा समाजातल्या अशाच चालीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनापीठाकडे सोपवली, आणि त्या समाजाच्या धर्मगुरूंचं ठाणं मुंबईतच आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावात अशाच एका घरच्या बैठकीला मला बोलावलं. कवी असलो तरी केस पिकलेत, म्हणून. मुलगी सासरहून निघून आली होती. चहा आला, पावसाच्या गोष्टी सुरू झाल्या. मी म्हटलं, तिला बाहेर बोलवा, तिचं तरी ऐकू. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिचा बाप उठला आणि आत गेला.