आगगाडीचा पास आणि विक्रोळीचे उच्च शिक्षण

मुंबईतील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना विद्यापीठाची स्थापना, देणगीदारांचे औदार्य आणि प्राचार्यांची परंपरा ह्यांचा विस्ताराने परामर्श घेतला जातो. विद्यार्थी त्या इमारतींपर्यंत पोहोचला कसा आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. फोर्टात वा गिरगावात राहणाऱ्यांच्या बाबतीत तो गौणही ठरेल; परंतु विक्रोळीसारख्या उपनगराच्या बाबतीत तोच प्रधान प्रश्न आहे. विक्रोळीच्या कष्टकरी कुटुंबांना महाविद्यालय प्रथम लाभले ते इमारतीच्या रूपाने नव्हे, तर रेल्वेच्या सवलतीच्या पासाच्या रूपाने, असे म्हणावयास पुरेसा आधार आहे. ह्या पासाने काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहू गेल्यास गेल्या पाऊणशे वर्षांतील शिक्षणप्रसाराची एक वेगळीच आकृती समोर येते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी विक्रोळीच्या शिवारातूनच गेली. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला मिठागरे व खाडीची तिवरे, असा हा मुलूख. चारच वर्षांनी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. गाडी आणि विद्यापीठ ही अशी जवळजवळ जुळी भावंडे. पण एकमेकांशी त्यांचा संबंध जडण्यास पुष्कळ काळ जावा लागला. आरंभीचे विद्यापीठ ही परीक्षा घेणारी संस्था होती आणि तिची प्रमुख महाविद्यालये शहराच्या दक्षिण भागात एकवटलेली होती. शहरातल्या शहरात जाण्यासाठी १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्रामगाडी होती. उपनगरांना तिचा काहीच उपयोग नव्हता.

रोज घरून जाऊन घरी परत येणारा विद्यार्थी हा वस्तुतः विजेच्या गाडीने घडविलेला विद्यार्थी होय. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ह्या हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणपर्यंतचा मुख्य मार्गही विजेवर आला. गाड्यांची संख्या वाढली, वेळ कमी झाला. त्याच सुमारास विद्यासंस्थाही शहराच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेस सरकू लागल्या होत्या. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली माटुंग्यास आली. १९३७ साली तेथेच रुइया महाविद्यालय निघाले. माटुंगा-दादरचा हा परिसर पूर्व उपनगरांच्या विद्यार्थ्यांसाठी खऱ्या अर्थाने पहिले विद्याक्षेत्र ठरला, आणि त्याचे कारण विद्वत्तेइतकेच भौगोलिकही होते : तो मुख्य मार्गावर होता व बोरीबंदरच्या अलीकडे होता.

विक्रोळी ह्या काळात अजून खेड्याच्याच अवस्थेत होती. १९४३ च्या सुमारास पिरोजशा गोदरेज ह्यांनी येथील विस्तीर्ण जमीन घेतली आणि पुढे तेथे कारखाने व पिरोजशानगर ही कामगार वसाहत उभी राहिली. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या मतपेट्यांपैकी लक्षावधी पेट्या ह्याच कारखान्यात घडल्या. वसाहतीतील मुलांसाठी १९५५ साली उदयाचल ही शाळा निघाली. साठीच्या दशकात गृहनिर्माण मंडळाने पूर्वेस मोठ्या वसाहती बांधल्या. त्यांतील एकीला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार ह्यांचे, तर दुसरीला टागोरांचे नाव मिळाले. लहान खोल्यांतून राहणारी, कारखान्यात वा कचेरीत नोकरी करणारी ही कुटुंबे. त्यांना शाळा घराजवळ मिळाली; महाविद्यालय मिळाले नाही. मॅट्रिकनंतर पुढे शिकावयाचे तर गाडी धरणे क्रमप्राप्त होते.

येथे पासाच्या अर्थकारणाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख त्यातच आहे. उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची आकारणी दीर्घकाळ सुमारे पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी राहिली आहे. विद्यार्थ्याला त्याच्या निम्मी. महिन्याचे पंचवीस दिवस महाविद्यालय भरते असे धरल्यास जाऊन-येऊन पन्नास प्रवास होतात. त्यांचे मोल साडेसात प्रवासांइतके पडते. म्हणजे विद्यार्थी दर प्रवासाला मूळ भाड्याच्या सातव्या हिश्श्याहून किंचित अधिक देतो. ज्या घरात पुस्तके व फी ह्यांची जुळवाजुळव हीच मोठी अडचण, त्या घरात हा हिशेब निर्णायक ठरला असल्यास नवल नाही. शिष्यवृत्ती गुणवंताला मिळते, फीमाफी गरजू म्हणून सिद्ध होणाऱ्याला मिळते. पासाची सवलत मात्र केवळ विद्यार्थी असण्याला मिळते. तिच्यात उपकाराचा भाव नाही, हा तिचा विशेष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

विद्यार्थ्यांच्या बोलीत ह्या सवलतीचे नाव 'कन्सेशन'. महाविद्यालयाच्या कचेरीच्या खिडकीपाशी रांग लावावी, छापील दाखल्यावर नाव, वय, घराजवळचे स्थानक व महाविद्यालयाजवळचे स्थानक लिहून घ्यावे, त्यावर सही-शिक्का घ्यावा आणि मग स्थानकाच्या खिडकीपाशी दुसरी रांग लावावी, असा हा विधी पिढ्यान् पिढ्या चालत आला. ह्या दाखल्यांच्या स्थळप्रतींकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेलेले नाही. कोणत्या स्थानकावरून किती मुले, किती मुली, कोणत्या वर्षी आल्या, हे जितके त्यांवरून कळेल तितके कोणत्याही स्मरणिकेवरून कळणार नाही. दाखल्याला मर्यादाही होत्या. सर्वसाधारण विद्यार्थ्यास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास सत्ताविसाव्यापर्यंत आणि संशोधकास पस्तिसाव्यापर्यंत ही सवलत मिळे. तिशीत पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या कामगाराची गणना तीत नव्हती.

त्या कामगाराची सोय वेगळ्या दिशेने झाली, आणि ती भाड्याच्या नव्हे, तर वेळेच्या अंगाने झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था होती. नोकरी करणाऱ्याने आधी वर्गात बसावे आणि मग कचेरीत जावे, हा तीमागील विचार. महाविद्यालय फोर्टात, कचेऱ्याही तेथेच. ह्याचा प्रवासाच्या दृष्टीने अर्थ असा, की जो पास नोकरीसाठी काढावयाचा तोच महाविद्यालयासही पुरे. शिक्षणासाठी वेगळा प्रवासखर्च उरतच नाही. इंग्लंडमध्ये १८८३ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालविण्याचे बंधन घातले होते. तेथे गाडी कामगाराच्या वेळेला जुळवून घेण्यात आली. मुंबईत उलट महाविद्यालयच गाडीच्या आणि कचेरीच्या वेळेला जुळवून घेतले गेले. ह्या योजनेतील व्यावहारिक दृष्टीची वाखाणणी व्हावी तितकी झालेली नाही. विक्रोळीहून बोरीबंदर बावीस-तेवीस किलोमीटर. तेथे जलद गाड्या थांबत नाहीत. सकाळच्या पहिल्या तासिकेसाठी उजाडण्यापूर्वीच धीमी गाडी धरावी लागे. भाडे हलके होते; झोप आणि अंगमेहनत ह्यांच्या रूपाने पडणारा बोजा हलका नव्हता.

१९५० साली बृहन्मुंबईच्या सीमा भांडुपपर्यंत वाढल्या व विक्रोळी शहरात आली. त्यानंतर महाविद्यालये मुख्य मार्गाने एकेक करून उत्तरेस येऊ लागली. १९५९ साली करमशी जेठाभाई सोमैया ह्यांच्या प्रयत्नाने कुर्ला व घाटकोपर ह्यांच्यामधील जागेत विद्याविहार उभे राहिले. विद्यासंकुलाचे नावच शेजारच्या स्थानकाला मिळाले, असे उदाहरण विरळा. १९६३ साली घाटकोपरला झुनझुनवाला महाविद्यालय, १९७० साली मुलुंडला वाणिज्य महाविद्यालय, १९८४ साली तेथेच वझे महाविद्यालय. विक्रोळीकराला ही एका, दोन वा चार स्थानकांच्या अंतरावर. मुलुंडकडे जाणाऱ्याला तर सकाळी गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करता येई. १९७५ साली दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाचा नवा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुलीही पास काढू लागली. एवढ्या लहान वयात मुलीला दादरपर्यंत पाठविण्यास नाखूश असलेले पालक घाटकोपरला पाठविण्यास राजी होत. अंतर कमी होण्याचा सर्वांत मोठा लाभ मुलींच्या पदरी पडला, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

आतापर्यंतच्या सर्व संस्थांत एक समान धागा आहे : त्या रुळांच्या कडेला आहेत. रुळांपासून दूर असलेल्या संस्थांची कथा निराळी आहे, आणि विक्रोळीच्या बाबतीत ती विशेष बोधक आहे.

पवई हे विक्रोळीचे शेजारगाव. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे काम १९५८ साली वरळीच्या तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवईस कोनशिला बसली. पूर्व उपनगरांच्या दारात देशातील एक अग्रगण्य विद्यासंस्था आली. पण ती निवासी होती. विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहावे, ही तिची मूळ कल्पना. रोजच्या प्रवासाचा प्रश्न तिने सोडविला नाही, तर बाजूस ठेवला. जवळ असूनही विक्रोळीच्या सामान्य विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती माटुंग्याहून दूर होती. अर्थात प्रवेशपरीक्षेची काठीण्यपातळी हे त्याचे अधिक मोठे कारण होय.

कलिन्याचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. सत्तरीच्या दशकात विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग फोर्टातून सांताक्रुझ पूर्वेच्या विद्यानगरीत जाऊ लागले. नकाशावर पाहता हे स्थलांतर विक्रोळीच्या सोयीचे दिसते, कारण कलिना फोर्टापेक्षा पुष्कळच जवळ. प्रत्यक्षात मुंबईची रेल्वे उत्तर-दक्षिण धावते आणि कलिना मध्य व पश्चिम ह्या दोन मार्गांच्या मधोमध पडते. विक्रोळीहून कुर्ल्यापर्यंत गाडी आणि तेथून बस, असा दुहेरी प्रवास करावा लागे. फोर्टाला जाताना एकाच पासात भागे. येथे पास संपल्यावर बसचे भाडे सुरू होई. अंतर घटले आणि खर्च वाढला. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. त्या वेळी विक्रोळी-कुर्ला हा दुसऱ्या वर्गाचा सबंध प्रवास रेल्वेच्या किमान पाच रुपयांत होत होता. प्रवासाचा छोटा तुकडा मोठ्या तुकड्याच्या दुप्पट महाग, तोही रेल्वेच्या पासाचा विचार करण्यापूर्वीच.

१९७१ साली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. घरी पुस्तके यावीत आणि परीक्षेपुरते बाहेर पडावे, ही व्यवस्था नोकरदारांना व गृहिणींना उपकारक ठरली ह्यात शंका नाही. परंतु ग्रंथालय, वर्गातील चर्चा आणि सोबत्यांचा सहवास ह्यांची भरपाई टपालाने होत नाही. प्रवास परवडत नाही म्हणून घरी बसून शिकणारा आणि घरी बसून शिकणे पसंत करणारा ह्यांत भेद करावयास हवा; विद्यापीठाच्या नोंदींत दोघेही एकाच सदरात पडतात.

पासाची सवलत ही कायमची मिळकत नाही, ह्याची जाणीव २०१४ साली झाली. त्या वर्षी २० जून रोजी रेल्वेने भाडेवाढ जाहीर करताना मासिक पासाची आकारणी पंधराऐवजी तीस एकेरी प्रवासांवर नेण्याचे ठरविले. विद्यार्थ्याचा पास हा मूळ पासाच्या निम्मा असल्याने तोही दुपटीने वाढला असता. मुंबईत तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि चारच दिवसांत हा भाग मागे घेण्यात आला. तत्पूर्वी, २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत घर ते विद्यालय मोफत मासिक पास देण्याची घोषणा झाली होती. सुमारे सहा वर्षांच्या अवधीत एकीकडे मोफत पास आणि दुसरीकडे दुप्पट पास असे दोन परस्परविरुद्ध विचार एकाच खात्यातून निघाले. विद्यार्थ्याचा प्रवास हा शिक्षणखर्चाचा भाग मानावयाचा की रेल्वेच्या तुटीचा, ह्याविषयी निश्चित धोरण नसल्याचेच हे लक्षण होय.

रुळांना आडवे छेद देण्याचे प्रयत्न त्याच वर्षापासून दिसू लागले. १८ एप्रिल २०१४ रोजी सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्ता आणि ८ जून रोजी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. मेट्रोने पूर्व-पश्चिम प्रवास जलद केला. तिचे भाडे लोकलच्या पासाशी तुलना करण्याजोगे नाही. विक्रोळीचा रेल्वेवरील उड्डाणपूल १४ जून २०२५ रोजी वाहनांना खुला झाला आणि पूर्वेच्या वसाहती पश्चिमेच्या रस्त्याशी थेट जोडल्या गेल्या. स्वामी समर्थनगरापासून निघणाऱ्या सहाव्या क्रमांकाच्या मेट्रो मार्गाच्या आखणीत पवईची तंत्रज्ञान संस्था आणि शेवटी विक्रोळी अशी दोन्ही नावे आहेत. त्या मार्गावर विद्यार्थ्याला कोणत्या दराचा पास मिळावयाचा, हा प्रश्न त्या आखणीबरोबरच विचारात घेण्याजोगा आहे.