मृताचे अपील

न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२२ रोजी पीटर एलिस या इसमाविरुद्धच्या शिल्लक राहिलेल्या सर्व दोषसिद्धी एकमताने रद्द केल्या. निकाल ऐकावयास एलिस हयात नव्हता. तीन वर्षांपूर्वी, ४ सप्टेंबर २०१९ रोजी, मूत्राशयाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले होते. तुरुंगवास तर त्याने इ. स. २००० मध्येच भोगून संपविला होता. तेव्हा या निकालाने कोणाची सुटका झाली नाही की कोणाला काही परत मिळाले नाही. एका नावावर एकोणतीस वर्षे राहिलेला शिक्का तेवढा पुसला गेला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात राहून केवळ नावाच्या बळावर उभ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना अशा शिक्क्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

एलिसवरील आरोप लहान मुलांच्या लैंगिक छळाचा होता. या गुन्ह्याचे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याचे मन आरोपीविरुद्ध कौल देऊन मोकळे होते, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. मुलांवर असे अत्याचार होतात, पुष्कळदा घरातच होतात, आणि शतकानुशतके समाजाने त्यांकडे डोळेझाक केली, हे निर्विवाद आहे. १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत ही डोळेझाक संपू लागली ती स्त्रियांच्या आणि बालहितचिंतकांच्या चिकाटीमुळे. परंतु लंबक दुसऱ्या टोकाला जाताना मध्ये थांबत नाही. मुलांचे काहीच खरे मानावयाचे नाही, ही जुनी रीत गेली आणि तिच्या जागी, मुलांच्या तोंडून जे जे वदवून घेता येईल ते ते खरे, अशी नवी रीत आली.

तिचा पहिला मोठा आविष्कार कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी झाला. १९८३ मध्ये तेथील मॅकमार्टिन बालवाडीविरुद्ध एक तक्रार आली. पोलिसांनी पालकांना पत्रे धाडून आपापल्या मुलांना विचारण्यास सांगितले. आणि पाहता पाहता शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. सात जणांवर आरोप ठेवले गेले. मुलांच्या सांगण्यात भुयारे आली, प्राण्यांची हत्या आली, सैतानाची पूजा आली. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकाही आरोपीवर दोष सिद्ध झाला नाही. तरी मुख्य आरोपीची पाच वर्षे कोठडीत गेली ती गेलीच. पण तोवर सैतानपूजकांची ही दंतकथा चर्चासत्रांतून आणि प्रशिक्षणवर्गांतून इंग्रजी बोलणाऱ्या जगभर फिरली होती. न्यूझीलंडला ती पोहोचली तेव्हा तिच्यावर तज्ज्ञांचा शिक्का होता.

क्राइस्टचर्च हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील शहर मूळच्या इंग्रज वसाहतवाल्यांनी मोठ्या हौसेने इंग्लंडच्या नमुन्यावर वसविलेले. चर्चचे शिखर, संथ वाहणारी एव्हन नदी, बागा असा एकंदर थाट. तेथील नगरपालिकेच्या बालसंगोपन केंद्रात एलिस १९८६ मध्ये कामाला लागला. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले होते, आणि त्यावरून देशभर मोठे वादळ माजले होते. समलिंगी पुरुषांपासून मुलांना धोका आहे, हा त्या वादळातील ठरावीक आक्रोश होता. कायदा बदलला, पण कायद्याबरोबर मने बदलतातच असे नाही. एलिस आपला कल लपवीत नसे. चारचौघांत नाटकी बोलणे, भडक विनोद करणे, समोरच्याला मुद्दाम चकित करणे ही त्याची तऱ्हा. त्यातच पुरुष असून दुसऱ्यांची लहान लेकरे सांभाळणे हा त्याचा व्यवसाय. मुलांना तो आवडे. त्याच्या कल्पक खेळांवर अनेक पालकही खूश असत. आणि नेमके हेच गुण पुढे उलटे वाचले गेले.

नोव्हेंबर १९९१ मध्ये एका लहान मुलाने घरी काहीतरी संदिग्ध वाक्य उच्चारले. एलिसला कामावरून दूर करण्यात आले, पालकांची सभा भरली, आणि चौकशी सुरू झाली. ज्या मुलाच्या वाक्याने हे सारे सुरू झाले, त्याच्यासंबंधीचा एकही आरोप शेवटी खटल्यात उभा राहिला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु ठिणगी विझली तरी गवत पेटलेले होते. एकूण ११८ मुलांच्या औपचारिक मुलाखती घेण्यात आल्या. काही मुलांना पुन्हापुन्हा बोलाविण्यात आले. त्यांच्या आईबापांची दरम्यान आपसांत बोलणी होत होती, घरी प्रश्न विचारले जात होते, आणि एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरात जात होती. पिंजरे, भुयारे, मुलांभोवती कडे करून उभी राहिलेली मोठी माणसे अशी वर्णने येऊ लागली. भुयारे सापडली नाहीत. दिवसभर आईबापांची ये-जा असलेल्या केंद्रात इतक्या मुलांच्या बाबतीत इतके काही घडूनही त्या वेळी कोणालाच काही दिसले कसे नाही, हा साधा प्रश्न विचारणारे थोडे होते.

मार्च १९९२ मध्ये एलिसला अटक झाली. पुढे त्याच्याबरोबर काम करणाऱ्या चार स्त्रियांनाही पकडण्यात आले. पण १९९३ च्या एप्रिलमध्ये, खटला उभा राहण्यापूर्वीच, त्यांना आरोपमुक्त करण्यात आले. उरला तो एकटा एलिस. ५ जून १९९३ रोजी ज्यूरीने त्याला सात मुलांच्या संदर्भातील सोळा आरोपांवर दोषी ठरविले, आणि न्यायाधीशांनी दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

खटल्यात मुलांच्या सांगण्याखेरीज प्रत्यक्ष पुरावा असा नव्हता. मग ज्यूरीचे मन कशाने वळले? एक कारण कायद्यातच होते. १९८९ मध्ये न्यूझीलंडच्या पुरावा कायद्यात एक दुरुस्ती झाली होती. मुलाचे वर्तन हे लैंगिक छळ झालेल्या त्याच वयाच्या मुलांच्या वर्तनाशी सुसंगत आहे किंवा नाही, यावर मानसतज्ज्ञाला साक्ष देण्याची मुभा तिने दिली. या खटल्यात सरकारतर्फे आलेल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॅरन झेलस यांनी तशी साक्ष दिली. अंथरूण ओले करणे, दुःस्वप्ने, संडासाची भीती, आदळआपट ही लक्षणे छळाशी सुसंगत ठरविण्यात आली. वाचकहो, चार वर्षांचे कोणते मूल यांतले काहीच करीत नाही? घरात नवे भावंड आले, बिऱ्हाड बदलले, आईबापांचे बिनसले तरी मुले हेच करतात. आणि एखाद्या मोठ्या चौकशीच्या घेऱ्यात आईबाप महिनोन्‌महिने भयभीत असले, तर अधिकच करतात. 'सुसंगत' हा शब्द फार फसवा आहे. ताप हा हिवतापाशी सुसंगत असतो आणि साध्या पडशाशीही.

दुसरे कारण खुद्द एलिस. सहकाऱ्यांशी केलेल्या त्याच्या वाह्यात गप्पांच्या हकीकती ज्यूरीपुढे आणण्यात आल्या. 'हा माणूस असाच आहे' हे एकदा मनावर ठसले, की पुराव्यातील उणीव भरून काढण्यास मन आपण होऊन तयार होते. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. पूर्वग्रह खोटा पुरावा तयार करीत बसत नाही; अपुरा पुरावा पुरेसा वाटावा, एवढेच तो करतो.

हे नुसते अनुमान नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीफन सेसी आणि त्यांच्या सहकारी मिशेल लाइक्टमन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. सॅम स्टोन नावाचा एक अनोळखी गृहस्थ बालवाडीत आला, दोन मिनिटे थांबला, कशालाही हात न लावता निघून गेला. काही मुलांना तत्पूर्वी कित्येक दिवस सांगून ठेवले होते की सॅम मोठा धांदरट आहे, त्याच्या हातून नेहमी काही ना काही मोडते. भेटीनंतर त्यांना फाटलेले पुस्तक आणि डागाळलेले खेळण्यातले अस्वल दाखविले आणि दहा आठवड्यांत पुन्हापुन्हा सूचक प्रश्न विचारले. शेवटी एका नव्या माणसाने चौकशी केली, तेव्हा या गटातील तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांनी सॅमनेच काहीतरी नासधूस केल्याचे सांगितले. कित्येकांनी न विचारलेले बारीकसारीक तपशीलही पुरविले. ही मुले खोटे बोलत नव्हती. मोठ्यांनी आधी ओळख करून दिलेला सॅमच त्यांना आठवत होता. मुलांच्या या चित्रफिती जाणकारांना दाखविल्या, तेव्हा खरे सांगणारे मूल कोणते हे त्यांनाही ओळखता आले नाही. क्राइस्टचर्चमध्ये तर एलिसची 'ओळख' आधी आईबापांना करून देण्यात आली आणि त्यांच्याकडून ती मुलांपर्यंत गेली.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तीन दोषसिद्धी रद्द केल्या. तक्रारदार मुलांपैकी वयाने सर्वांत मोठ्या मुलीने, आपण सांगितले ते खरे नव्हते, असे कबूल केले होते. तेरा राहिल्या. १९९९ चे दुसरे अपील फेटाळले गेले. माजी सरन्यायाधीश सर टॉमस आयकेलबॉम यांनी २००१ च्या आपल्या अहवालात शिक्षा योग्यच ठरविली. त्याच वर्षी लिन्ली हूड यांचा 'अ सिटी पझेस्ड' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सुशिक्षितांचे मत हळूहळू पालटू लागले. मत पालटले तरी न्यायालयाचा दरवाजा मात्र बंदच राहिला. एलिसने तुरुंगात पॅरोलसाठी मंडळासमोर जाण्याचे नाकारले होते, कारण तेथे पश्चात्ताप दाखवावा लागतो आणि न केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप कसा दाखवावयाचा हा त्याचा प्रश्न होता. शिक्षेचा दोन तृतीयांश भाग भोगल्यावर कायद्याने जी सुटका होते ती झाली, तेव्हाच तो बाहेर आला.

जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेर अपिलाची परवानगी दिली, आणि पाच आठवड्यांत तो वारला. आता अपील कोणाचे? सामान्य रीत अशी की अपिलार्थी गेला की अपील संपते. (आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, कलम ३९४ अन्वये, मृताच्या निकटच्या नातलगांना तीस दिवसांच्या आत अर्ज करून अपील पुढे चालविण्याची सोय ठेवली होती, हे आपल्या वकील मंडळींस ठाऊकच असेल.) न्यूझीलंडच्या न्यायमूर्तींनी मात्र भलताच प्रश्न पुढे केला. या भूमीचे मूळ रहिवासी माओरी. त्यांच्या आचारधर्मास 'तिकांगा' म्हणतात. तो येथे काय सांगतो? वस्तुतः एलिस गोऱ्या वंशाचा होता. तरीही उभय पक्षांनी माओरी विद्वानांना एकत्र बसविले आणि त्यांचे निवेदन न्यायालयापुढे ठेवले. त्या आचारधर्मात माणसाचा 'माना', म्हणजे त्याची प्रतिष्ठा आणि त्याचे तेज, त्याच्याबरोबर मरत नाही. तो पूर्वजांचा आणि वंशजांचाही असतो. घडलेला दोष, 'हारा', निस्तरला जाऊन समतोल परत येईपर्यंत प्रकरण मिटलेले नसते. आपल्या 'मान' या शब्दाशी 'माना'चे उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. तरीही पितरांचे ऋण मानणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

सप्टेंबर २०२० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी अपील पुढे चालविण्याचे ठरले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली, आणि वर्षभराने निकाल लागला. न्यायालयाने मुख्यतः दोन दोष दाखविले. मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष असंतुलित होती; त्या वर्तनलक्षणांना इतर अनेक कारणे असू शकतात, हे ज्यूरीला नीट सांगितले गेले नाही. आणि मुलांच्या सांगण्यात पालकांच्या चौकशीची व आपसांतील बोलण्याची किती भेसळ होऊ शकते, याचीही ज्यूरीला योग्य कल्पना दिली गेली नाही. न्यायालयाने मुलांना खोटारडे म्हटले नाही. ती मुले आता चाळिशीकडे झुकलेली माणसे आहेत, आणि त्यांच्या बालपणाच्या आठवणींत त्या केंद्राचे काय उरले आहे, मोठ्यांनी त्यात काय घातले आणि मुळात काय होते, हे त्यांचे त्यांनाही आता वेगळे करता येईल असे मला वाटत नाही. या प्रकरणातील त्यांचे नुकसान कोणत्याच निकालात मोजलेले नाही.

१९९३ च्या खटल्यात एलिसची बाजू मांडणारे वकील रॉब हॅरिसन २०२१ च्या त्या सुनावणीतही त्याच्या बाजूने उभे होते. अशील मात्र या वेळी न्यायालयात नव्हता.